बबलवर राणीची जोडी आणि समोर चिप लीडर: कॉल, छोटा रेझ की सरळ ऑल-इन?

मानेवाडा_एक्का

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. गोव्याहून येऊन चार दिवस झाले पण एक हात काही डोक्यातून जाऊन नाही राहिला, रात्री डोळे मिटले की तोच दिसते, म्हणून म्हटलं इथे पूर्ण लिहून टाकतो, जाणकारांनी सांगावं.

आधी थोडं बॅकग्राउंड. आम्ही सहा मित्र दर शनिवारी खामल्याला एकाच्या फ्लॅटवर टेक्सास होल्डेम पोकर खेळतो (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मग मधे सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटी एक रिव्हर), पैसे नाही, जो पहिले बाहेर पडला त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले तेव्हापासून आमची प्रॅक्टिस एवढीच. वर्षातून एकदा पैसे साठवून गोव्याला जातो. या वेळी मांडवीवरच्या एका बोटीवर छोटं टुर्नामेंट होतं, २० जण, एंट्री ५,००० आणि त्यांची फी वेगळी, म्हणजे बक्षिसाला पूर्ण एक लाख. पहिला ५०,०००, दुसरा ३०,०००, तिसरा २०,०००. चौथ्याला काहीच नाही, म्हणून चौघं उरले की तो बबल.

प्रत्येकाला २०,००० चिप्स होत्या म्हणजे टेबलवर एकूण ४ लाख. रात्री दीडच्या सुमारास आम्ही चौघं उरलो. ब्लाइंड (पत्ते पाहायच्या आधी दोघांनी टाकायचेच ते) ४,०००-८,००० आणि बिग ब्लाइंडवाल्यालाच वरून ८,००० अँटी, तीही टाकायचीच. बटनवर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलायची जागा) चिप लीडर, म्हणजे सगळ्यात जास्त चिप्सवाला, १,६०,०००. स्मॉल ब्लाइंडवर एक शांत माणूस ९६,०००. बिग ब्लाइंडवर मी, १,२०,०००. आणि माझ्या डाव्या हाताला शॉर्ट स्टॅक, बिचाऱ्याजवळ फक्त २४,०००.

शॉर्ट स्टॅकने पत्ते फेकले. चिप लीडरने रेझ केलं, म्हणजे वाढवून १७,००० केले. स्मॉल ब्लाइंडने फेकले. मी पत्ते उचलून पाहिले तर दोन राण्या, इस्पिक आणि बदाम. खरं सांगतो छातीत धडधड सुरू झाली, पूर्ण रात्रीत याहून मोठा हात मला आलाच नव्हता. मनात आलं की आता ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तर हा पळून जाईल आणि एवढा चांगला हात वाया जाईल, त्यापेक्षा चुपचाप कॉल करतो (त्याच्याएवढेच टाकतो), त्याला अजून पैसे टाकू देतो, मग पकडतो. केला कॉल.

फ्लॉप आला राजा, नव्वी, चौकी, तिन्ही अलग रंगाचे. मी चेक (काही न लावता पास), त्याने २०,००० लावले, मी कॉल. टर्नवर दुर्री. मी परत चेक केलं आणि त्याने सरळ ऑल-इन सांगितलं. माझ्याजवळ ७५,००० उरले होते आणि मधे ८६,००० पडले होते. मी दोन मिनिटं विचार केला, वाटलं हा प्रत्येक हाताला रेझ करून राहिला, प्रत्येक वेळी राजा थोडीच असणार, आणि मधे एवढे पडले आहेत तर आता काय सोडायचं. कॉल केला. त्याने किलवरचा राजा आणि छक्की दाखवली. रिव्हरवर राणी आली नाही. मी चौथा.

आणि पुढे ऐका. मी उठून बॅग खांद्याला लावतो तर पुढच्याच हाताला तो शॉर्ट स्टॅकवाला बाहेर पडला, २०,००० घेऊन. तो क्षण मला अजून टोचून राहिला.

मित्रांमधे दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक म्हणते प्री-फ्लॉप कॉल बरोबर होता, नशीब खराब. दुसरी म्हणते टर्नवर फेकायचं होतं. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. राणीच्या जोडीवर तिथे नेमकं काय करायचं होतं? टर्नचा कॉल किती चुकीचा होता? आणि राण्यांच्या जागी एक्के असते तर उत्तर बदललं असतं का?

---

काटोलरोडवाला

भाऊ, प्री-फ्लॉप ऑल-इन. १,२०,००० म्हणजे तुझ्याजवळ मोजून १५ बिग ब्लाइंड. एवढ्यात फ्लॅट, म्हणजे नुसता कॉल करून पुढे खेळायला जागाच नाही राहत, एक फ्लॉपची बेट आणि एक टर्नची की झालं, सगळे आत. वरून तू पोझिशनमधे नाही, प्रत्येक स्ट्रीटला (फ्लॉप, टर्न, रिव्हर) तुलाच आधी बोलायचं आहे.

आणि एक गोष्ट तू लिहिली आहे पण तुझ्या लक्षात आली की नाही माहीत नाही. तो शॉर्ट स्टॅक तुझ्या डाव्या हाताला होता. म्हणजे पुढच्या हाताला तो बिग ब्लाइंड. २४,००० मधले १६,००० त्याचे पत्ते पाहण्याआधीच जाणार होते! अशा वेळी तू एक हात जरी जिवंत राहिला असता तरी २०,००० जवळजवळ खिशात होते. पत्ते पाहायच्या आधी टेबल पाहायचं असते, कोणाचे किती उरले, पुढचा ब्लाइंड कोणावर येऊन राहिला. मी तर चारपाच जण उरले की प्रत्येक हाताच्या आधी सगळ्यांचे स्टॅक मनात मोजतो, डीलर वाटत असताना.

मधला रस्ता म्हणजे ४५,००० चा रेझ, तोही मला आवडला नसता. त्याने वरून ऑल-इन केलं की तुझ्या हातात ६७,००० उरतात आणि मधे डोंगर. फेकता पण येत नाही आणि कॉल करायला पण जीव होत नाही.

---

गणिताच्या_बाई

मानेवाडा, तू सगळे आकडे नीट दिलेस म्हणून हिशोब करता आला, नाहीतर लोक नुसतं "माझ्याकडे राण्या होत्या" एवढंच लिहितात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, पत्त्यांची गोडी घरातलीच. काल रात्री जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसले होते.

मुळात समजायची गोष्ट ही की टुर्नामेंटच्या शेवटी चिप म्हणजे पैसा नव्हे. साध्या कॅश गेममधे चिप्स दुप्पट झाल्या की पैसे दुप्पट. इथे तसं नाही, कारण चारही लाख चिप्स जिंकल्या तरी तुला ५०,००० च मिळणार, आणि सगळ्या हरलास तर शून्य. म्हणजे हातातली चिप ही जिंकायच्या चिपेपेक्षा महाग असते. हे मोजायची जी पद्धत वापरतात तिला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. सूत्र हार्व्हिलने १९७३ मधे घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं होतं, कोणता घोडा दुसरा-तिसरा येईल त्याची शक्यता काढायला, आणि १९८७ मधे मेसन माल्मथने ते पोकरला लावलं. कल्पना अगदी सोपी आहे. पहिला येण्याची तुझी शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला तुझा वाटा. मग जो कोणी पहिला आला असं धरलं त्याच्या चिप्स बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांत परत वाटा काढायचा, ती दुसऱ्या नंबरची शक्यता. तसंच तिसऱ्याचं. प्रत्येक शक्यतेला त्या नंबरच्या बक्षिसाने गुणून बेरीज केली की तुझा स्टॅक किती रुपयांचा ते निघतं.

आता तुझा हात. प्री-फ्लॉप राण्या फेकून दिल्या असत्यास, हो, फेकून, तर तुझ्याकडे १,०४,००० चिप्स राहिल्या असत्या आणि त्यांची किंमत येते सुमारे २८,५०० रुपये. ऑल-इन केलं असतंस आणि त्याने फेकले असते तर तुझ्याकडे १,४१,०००, किंमत साधारण ३२,४००. ऑल-इन, त्याचा कॉल आणि तू जिंकलास तर २,३६,००० चिप्स, म्हणजे निम्म्याहून जास्त टेबल तुझं, आणि तरी किंमत किती? ४०,३००. हरलास तर शून्य.

हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ. तो कॉल करतो आणि तू जिंकतोस यातून, त्याने नुसतं फेकण्यापेक्षा, तुला वर मिळतात फक्त ७,९००. आणि त्यासाठी पणाला लागतं सगळंच. त्याने ऑल-इन केलं असतं आणि तुला कॉल करायचा असता तर नुसत्या चिप्सच्या हिशोबाने ४४ टक्के जिंकायची शक्यता पुरे होती, पण रुपयांच्या हिशोबाने ७१ टक्के लागतात. राण्यांना एक्का-राजासमोर सुमारे ५६-५७ टक्के असतात. म्हणजे त्याने एक्का-राजा उघडे करून दाखवले असते तरी तिथे राण्या फेकणं बरोबर ठरलं असतं! मी स्वतः दोनदा तपासलं, कारण मलाही आधी पटेना.

म्हणून "हा पळून जाईल" ही तुझी भीतीच उलटी होती. तो पळायलाच हवा होता. तो बटनवरून साधारण अर्धे हात खेळत असेल आणि तुझ्या ऑल-इनला अठ्ठीच्या जोडीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-गुलामापासून वरचे एक्के एवढ्यावरच कॉल करत असेल असं धरलं, तर आठात सात वेळा तो फेकतो. तो कॉल करतो तेव्हा तुझे साडेबासष्ट टक्के. सगळं मिळून ऑल-इनची किंमत सुमारे ३१,४०० येते, फेकण्याच्या २८,५०० पेक्षा चांगलीच वर. त्याच्या राजा-छक्कीने तर नक्कीच फेकलं असतं.

फ्लॅट कॉलची किंमत अशी एका आकड्यात काढता येत नाही, पुढे फार फांद्या फुटतात. पण एक गोष्ट मोजता येते. हातात राण्या असताना फ्लॉपवर निदान एक एक्का किंवा राजा पडायची शक्यता ४१ टक्के आहे. म्हणजे दहात चार वेळा तुझ्यावर हीच पाळी येणार होती, की आता काय करू. यात नशीब खराब म्हणण्यासारखं फारसं काही नाही.

टर्नचं. तिथे फेकलं असतंस तर ७५,००० चिप्स उरत होत्या, किंमत २४,८००. कॉल करून जिंकलास तर तेच ४०,३००. म्हणजे साडेएकसष्ट टक्के खात्री हवी होती, आणि तू बहुतेक मधल्या ८६,००० कडे बघून हिशोब केलास, त्यात ३२ टक्के पुरतात. तुझी चूक या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत आहे. आणि काटोलरोडवाले म्हणतात ते यात धरलेलंच नाही, हे सूत्र पुढचा ब्लाइंड कोणावर आहे ते बघत नाही. ते धरलं तर फेकण्याची किंमत अजून वर जाते.

आमच्याकडे गणपतीत १०१ ची रमी (१०१ गुण झाले की बाहेर) रंगते ना, तिथे हे सगळ्यांना आपोआप कळतं. ८० वर बसलेला माणूस अजून २० चा ड्रॉप घेऊ शकतो (२० गुण घेऊन हात सोडू शकतो), ८१ वाल्याने ड्रॉप घेतला की तो बाहेर. एका गुणाचा फरक, पण दोघं तोच हात अगदी वेगळा खेळतात, आणि त्यासाठी कोणाला सूत्र लागत नाही.

---

फुटाळा_नाइट

बाईंचा हिशोब मान्य, पण मी थोडा उलटा बोलतो, राग नका मानू. एवढं घाबरून खेळलं तर माणूस कायम तिसराच येईल. आपण नागपूरहून गोव्याला तिकीट काढून जातो ते काय तिसऱ्या नंबरसाठी जातो काय? मोठा हात लपवूनच मोठी टुर्नामेंट जिंकल्या जाते. १९८८ चा पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट पाहा, शेवटी दोघंच उरले होते, जॉनी चॅन आणि एरिक सायडेल. चॅनजवळ गुलाम-नव्वी, फ्लॉपवर राणी-दश्शी-अठ्ठी, म्हणजे स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) तिथेच लागला. पण त्याने कुठे दिसू दिलं नाही, शेवटी सायडेलने राणीच्या एका जोडीवर सगळे लावले आणि चॅनने सलग दुसऱ्या वर्षी किताब नेला. त्याने फ्लॉपवरच ऑल-इन केलं असतं तर सायडेलने फेकलं असतं ना?

माझ्या मते एक्काभाऊचा फ्लॅट काही एवढा वाईट नव्हता. समोरचा माणूस प्रत्येक हाताला मारून राहिला, त्याले मारू द्यायचं. पण मग फ्लॉपवर राजा दिसला की तिथेच थांबायचं होतं, २०,००० चा कॉल काऊन केला?

---

काटोलरोडवाला

फुटाळाभाऊ, चॅनचा हात मी कितीदा पाहिला असेल, पण तो इथे लागू नाही होत. तुम्हीच लिहिलं, दोघंच उरले होते. दोघं उरले की दुसऱ्याचं बक्षीस दोघांचंही पक्कं झालेलं असते, आता फक्त पहिल्या आणि दुसऱ्यातल्या फरकासाठी खेळ. तिथे चिप आणि पैसा सरळ एका रेषेत येतात, बाईंचा तो ७१ टक्क्यांचा भार पूर्ण उतरतो. तिथे खुशाल ट्रॅप लावा, मी पण लावतो.

दुसरं म्हणजे चॅनजवळ त्या फ्लॉपवरचा सगळ्यात मोठा हात होता, त्याच्या वर कोणी नव्हतंच. राण्या प्री-फ्लॉप मोठ्या दिसतात पण त्यांच्यावर दोन पत्ते आहेत आणि ते दोन्ही असे आहेत की लोक तेच धरून बसतात. कमकुवत जोडी एक्का पडल्यावर फेकायला सोपी जाते, राण्या नाही जात, हाच तर त्रास आहे. तुम्ही म्हणता फ्लॉपवर राजा दिसला की फेकायचं, पण जो माणूस प्रत्येक हाताला मारून राहिला तो राजा पडल्यावर पण मारणारच ना, राजा असो का नसो. मग दहात चार वेळा तुम्ही त्याच्यासमोर पहिल्याच बेटला राण्या फेकणार? तसं असेल तर तो ट्रॅप तुम्हीच तुमच्यासाठी लावला.

बाकी तिसऱ्या नंबरसाठी कोणी जात नाही हे खरं आहे. पण ऑल-इन हा काही घाबरट रस्ता नाही. ऑल-इन करून २१,००० उचलले असते तर एक्काभाऊ १,४१,००० आणि चिप लीडर १,४३,०००, म्हणजे जवळपास बरोबरीत, आणि शॉर्ट स्टॅक पुढच्या हाताला मरणार. तिथून पहिला नंबर खरंच दिसत होता.

---

इतवारी_किराणा

मी पोकर उशिरा शिकलो, मुलाने शिकवलं, त्याआधी चाळीस वर्षं दिवाळीची तीन पत्ती. म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते, कारण एक्काभाऊंनी जे केलं ते मी पण कितीतरी वेळा केलं आहे आणि ते कुठून येते ते मला माहीत आहे.

तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखे पत्ते) लागली की आपण काय करतो? चेहरा सरळ ठेवतो, छोटी चाल टाकतो, दुसऱ्याला वाटू देतो की याच्याजवळ काही नाही. दाबून खेळणे. लहानपणापासून घरी काका-मामांना असंच पाहिलं, मोठा हात दाखवला तर लोक पॅक करतील. आणि तीन पत्तीत ते बरोबरही आहे, कारण तीन पत्ते वाटले की हात ठरला, मधे अजून पाच पत्ते उघडायचे नसतात. तुमची ट्रेल ट्रेलच राहते. होल्डेममधे राण्यांची जोडी फ्लॉप येईपर्यंतच राणी आहे. मला हे समजायला दोन वर्षं लागली. हात येतो, आणि आतून जुनी सवय बोलते, लपव, लपव.

आणि दीड वाजताची वेळ. मी तर आता रात्री बारानंतर मोठा निर्णय आला की एक ग्लास पाणी मागवतो, पूर्ण पितो, मगच बोलतो. कोणी टोकत नाही. तुम्ही दोन मिनिटं विचार केला म्हणता, पण त्या दोन मिनिटांत तुम्ही फक्त त्याच्याजवळ राजा आहे का एवढाच विचार केला. डाव्या हाताच्या माणसाकडे एकदा पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

एक विचारायचं होतं, तो माणूस खरंच प्रत्येक हात रेझ करत होता का, की तसं वाटलं? मोजलं होतं का?

---

मानेवाडा_एक्का

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष करून बाईंचे, मी ते पोस्ट चार वेळा वाचलं.

काका, मोजलं होतं. चौघं झाल्यापासून ११ हात झाले त्यात त्याने ८ वेळा रेझ केलं, दोनदा तर शॉर्ट स्टॅकच्या बिग ब्लाइंडवर. आणि एकदाच स्मॉल ब्लाइंडवाल्याने त्याच्यावर ऑल-इन केलं होतं तेव्हा त्याने पाच सेकंदात फेकले. हे मी पाहिलं होतं! म्हणजे तो ऑल-इनला फेकणारा माणूस आहे हे माझ्या डोळ्यासमोर घडलं होतं आणि तरी मी उलटं केलं. तीन पत्तीवालं तुमचं बोलणं एकदम लागलं, आमच्या घरी पण आजोबा दिवाळीत तसेच खेळायचे आणि आम्ही पोरं मागे बसून शिकायचो.

शॉर्ट स्टॅक पुढच्या हाताला बिग ब्लाइंडवर येऊन राहिला हे मला त्या वेळी खरंच नाही दिसलं. लिहिताना पण नाही दिसलं, काटोलभाऊंनी सांगितलं तेव्हा दिसलं.

फ्लॉपचा कॉल काऊन केला याचं उत्तर माझ्याजवळ नाही फुटाळाभाऊ. राण्या होत्या म्हणून केला, एवढंच.

बाई, एक्क्यांचं राहिलं. आणि राजाची जोडी असती तर?

---

गणिताच्या_बाई

एक्के असते तर गोष्ट खरंच बदलते, पण वाटते तेवढी नाही. त्याने ऑल-इन कॉल केला तर एक्क्यांना त्याच्या त्या रेंजसमोर, म्हणजे ज्या हातांवर तो कॉल करतो त्यांच्यासमोर, ८४ टक्क्यांच्या आसपास धर. ४०,३०० चे ८४ टक्के म्हणजे साधारण ३३,९००. आणि त्याने फेकले तर ३२,४००. म्हणजे एक्के हातात असूनही त्याने कॉल करण्यातून तुझा फायदा फक्त दीड हजाराचा! एक्क्यांवर तुला कॉल हवा आहे, राण्यांवर नको आहे, एवढा तो फरक. एक्क्यांनी फ्लॅट केलंस तर मी चूक म्हणणार नाही, कारण फ्लॉपवर त्यांच्या वरचा पत्ताच नाही आणि तो माणूस मारत राहणारा आहे. पण ऑल-इन केलंस तरी काही गमावलं असं नाही.

राजाच्या जोडीला फक्त एक्क्याची भीती. फ्लॉपवर एक्का पडायची शक्यता साडेबावीस टक्के, राण्यांच्या ४१ च्या जवळपास निम्मी. मी तरी राजांनीही ऑल-इनच केलं असतं.

हे सगळं त्या चार स्टॅकपुरतं हं. शॉर्ट स्टॅक नसता, चौघंही सारखे असते, तर आकडे वेगळे. सारख्या चौघांत प्रत्येकाची किंमत २५,०००, दुप्पट झाल्यावर ३८,३३३, म्हणजे ऑल-इन कॉल करायला ६५ टक्के लागतात. तुझ्या हातात ७१ लागत होते ते त्या बिचाऱ्या २४,००० वाल्यामुळे. जेवढा दुसरा कोणी मरायला टेकलेला, तेवढं तुझं जगणं महाग. एकदा स्वतः वहीवर करून बघ, ॲपवर नको. हाताने केलं की बसतं डोक्यात.

---

फुटाळा_नाइट

८ वेळा ११ मधे आणि ऑल-इनला पाच सेकंदात फेकणारा. हे आधी माहीत असतं तर मी पण फ्लॅट नसतं म्हटलं. अशा माणसावर ऑल-इनच, आणि राण्याच काऊन, सत्तीच्या जोडीवर पण. चॅनच्या हाताबद्दल काटोलभाऊंचं बरोबर आहे, दोघं उरलेले आणि चौघं उरलेले यात मी फरकच केला नव्हता.

---

मानेवाडा_एक्का

बाई, काल रात्री वही घेऊन बसलो, फेकण्याचा हिशोब केला. माझा वाटा २६ टक्के, तो पहिल्या नंबरचा. दुसऱ्याचा ३०.७ टक्के आला. तिसऱ्यासाठी चिप लीडर पहिला आणि शॉर्ट दुसरा, चिप लीडर पहिला आणि शांत माणूस दुसरा, शॉर्ट पहिला आणि शांत माणूस दुसरा, या तीन केस घेतल्या, बेरीज १८.४ टक्के. सगळं मिळून २५,९०० होऊन राहिले, तुमचे २८,५०० आहेत. दोनदा केलं, तेच येते. कुठे चुकलो?

---

गणिताच्या_बाई

पहिले दोन आकडे अगदी बरोबर. तिसऱ्यात तू जोड्या घेतल्यास, क्रम विसरलास. शॉर्ट पहिला आणि चिप लीडर दुसरा हे पण होऊ शकतं, शांत माणूस पहिला आणि चिप लीडर दुसरा, शांत माणूस पहिला आणि शॉर्ट दुसरा. या उलट्या तीन केस मिळून १३.१ टक्के येतात. १८.४ मधे मिळव, ३१.५. त्याला २०,००० ने गुण आणि परत बेरीज कर.

---

मानेवाडा_एक्का

आले. २८,५००. आता टर्नचं घेतो.